आई गप्प असते तेव्हा मी बोलतो

मी पियानो बोलतोय. यात नवल वाटून घेऊ नका. या घरात बरेच दिवस मीच बोलायचो, तेही आईच्या वतीने. जेवायला हाका मारायचो, दात घासायला पाठवायचो, वेळप्रसंगी दटावायचोसुद्धा. एका लाकडी खोक्यावर एवढी जबाबदारी टाकणारं दुसरं घर मला माहीत नाही.

मी कारखान्यात जन्मलो. भिंतीला टेकून उभे राहणारे आम्ही, त्या ऐसपैस आडव्या पियानोंचे गरीब नातेवाईकच. तिथून मी नाचाच्या शाळेत गेलो. तिथे मला वाजवत नसत, नुसतं बडवत. कोणाचं पाऊल चुकलं की दोष माझा. डोक्यावर पाण्याच्या बाटल्या, ओले टॉवेल, एकदा तर अर्धं खाल्लेलं सँडविच. शाळा बंद पडली तेव्हा माझ्या मधल्या पट्ट्या अडखळत होत्या आणि मला कोणी फुकटही नेईना.

तेव्हा ती आली. नुकतंच लग्न झालेली, खांद्याला भली मोठी पिशवी. तिने उभ्या उभ्याच माझी एक पट्टी दाबली आणि तोच स्वर गळ्यातून काढला. माझ्या पोटातल्या तारा थरथरल्या. इतकी वर्षं मार खाल्ल्यावर कोणी तरी नीट विचारपूस करावी, तसं झालं मला. तिचा नवरा दाराशी उभा होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो म्हणाला, "अगं, हा जिन्यातून वर कसा जाणार?"

"जाईल की. तू उचलशील ना!"

त्या दिवशी त्याची कंबर धरली. पाहुणे आले की तो अजून त्या कंबरेचा विषय काढतो.

तिचं काम ऑपेरात गाण्याचं. म्हणजे अख्खं नाटक गाऊन करायचं, मायक्रोफोन नाही, आणि समोर वाद्यांचा सगळा ताफा. त्याच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. शिवाय ती कुठल्याच थिएटरच्या पगारावर नव्हती. बोलावतील तिथे जायचं. एखाद्या गावातल्या गायिकेचा घसा बसला की हिला फोन: "संध्याकाळपर्यंत येऊ शकाल का?" बॅग कायम दाराशी भरलेली असायची आणि कोणी ना कोणी तिला ठेचकाळायचं.

मग लेक झाली. तिला सगळे टिचकी म्हणतात, कारण उभं राहता यायला लागल्यापासून ती माझ्या पट्ट्यांना टिचक्या मारते. आई सराव करायची तेव्हा ही माझ्या पायाशी, पेडलांजवळ बसायची. आवाज चढला की दोन्ही कान झाकायची आणि संपला की "परत!" म्हणून ओरडायची.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी आई बोलत नसे. घसा राखायचा म्हणून अवाक्षर नाही. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्याने गळ्याला उलट जास्त ताण पडतो, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग घर चालायचं कसं? तिने मला हाताशी धरलं. खालचे दोन जाड स्वर म्हणजे जेवायला या. वरची टिणटिण म्हणजे दात घासा. मधला एकच लांबवलेला स्वर म्हणजे, टिचके, मी बघतेय हं. टिचकीला हे लगेच पाठ झालं. बाबांना काही केल्या जमेना. जेवायची हाक आली की ते ब्रश घेऊन हजर! हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी यायचं, तेही आवाज न काढता. मी तर या कामावर भलताच खूश होतो.

पण कामं वाढली तसे गप्प दिवस वाढले. पूर्वी महिन्यात एखादा असायचा, आता प्रत्येक आठवड्यात असायला लागला. त्याच सुमारास याच शहरातल्या थिएटरने आईला मोठ्या भूमिकेसाठी बोलावलं. तिथे एक कायमची जागा भरायची होती. प्रयोग रंगला तर ती आईला मिळण्यासारखी होती. मग गावोगाव हिंडणं नको, प्रयोग संपला की आपल्या घरी, आपल्या माणसांत. आईला ती जागा जिवापाड हवी होती, आणि ती टिचकीसाठीच हवी होती. तालमींनी घसा पार शिणला होता. डॉक्टर म्हणाले, "आता प्रयोगापर्यंत दोन दिवस एक शब्द नाही."

त्यातल्या पहिल्याच दुपारी बाबा टिचकीला शाळेतून घेऊन आले ते हसतच.

"अगं, आज बाईंनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, 'घरी सगळं ठीक आहे ना? काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा.' मी म्हटलं, का हो? तर हिने वर्गात सांगितलंय, 'माझी आई माझ्याशी बोलत नाही.' त्यांना वाटलं, घरात काहीतरी बिनसलंय! समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले."

आई हसली नाही. टिचकी खाली बसून बूट काढत होती. आईने माझ्याजवळ येऊन मधला स्वर दाबला. टिचकीने वर पाहिलं नाही. आईने तोच स्वर पुन्हा दाबला, अगदी हळू.

"मला पियानोशी नाही बोलायचं," टिचकी म्हणाली.

खरं सांगतो, मला ते फार लागलं.

"अगं, आईचा घसा..." बाबा म्हणाले.

"माहितेय मला. परवा लोकांना गाणं ऐकवायचंय." मग तिने आईकडे पाहिलं. "तू त्या लोकांसाठी आवाज राखून ठेवतेस. माझ्यासाठी कधी ठेवतेस?"

ती रडत नव्हती, हट्टही करत नव्हती. गणितातली शंका विचारावी तसं तिने विचारलं. आईची बोटं माझ्या पट्ट्यांवरच होती.

"हे बघ, तू काही बोलू नकोस," बाबा घाईघाईने म्हणाले. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मी समजावतो तिला."

आईने बोटं उचलली. "इकडे ये, टिचके," ती म्हणाली. आवाज घोगरा होता. "काय काय सांगायचं राहिलंय, सगळं सांग."

बाबा मटकन खुर्चीत बसले.

राहिलेलं पुष्कळ होतं. शेजारच्या मैत्रिणीने बाक बदलला होता. दात हलत होता. वर्गातल्या नाटकात टिचकीला झाड केलं होतं आणि झाडाला एकही वाक्य नव्हतं. "आणि तू घरी असतेस ना, तेव्हापण गावाला गेल्यासारखी असतेस." आईने एकेका गोष्टीला उत्तर दिलं, शेवटच्यालाही. ते देताना तिला बराच वेळ लागला. दुपारभर मला कोणी हात लावला नाही.

प्रयोगाला मी कसा जाणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाबांना सांगत होती ते ऐकलं. शेवटच्या अंकातला सगळ्यात वरचा स्वर लागला, पण भरला नाही. पुढच्या आठवड्यात जागा दुसरीला मिळाल्याचं कळलं. "छान गाते रे ती," आई म्हणाली. "मीसुद्धा तिलाच घेतलं असतं." मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ती रडली.

टिचकी दारात उभी होती. "माझ्यामुळे?"

"नाही गं. तू विचारलंस, बोलले मी. आणि न बोलताही तो स्वर तसाच आला असता कदाचित, कोणी सांगावं? पण तुला पुन्हा असं विचारायची वेळ येऊ नये, हे मला बघायचंय."

तेव्हापासून या घरात नवा नियम आहे. गप्प दिवसाचा आदला दिवस टिचकीचा. त्या दिवशी सराव नाही, थिएटरचा फोन आला तरी "आज मी नाही" एवढंच उत्तर. त्यापायी एक-दोन कामं हातची गेली. आई तेव्हा खिडकीशी जाऊन थोडी उभी राहते, पण नियम मोडत नाही. टिचकीच्या दिवशी सकाळीच ती माझं झाकण लावते. गप्प दिवशी मी पूर्वीसारखा बोलतो, आणि आता टिचकी मला उत्तर देते. बाबा अजून ब्रश घेऊन येतात.

माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी आपल्या उपेक्षेचं रडगाणं गायचं असतं. माझी विनंती वेगळी आहे. कधी या घरी आलात आणि माझं झाकण बंद दिसलं, तर हळहळू नका. कसा वाजतो बघू, म्हणून उघडूही नका. आत आई बोलत असते आणि टिचकी तिला मध्येच तोडत असते. त्यांचं होऊ द्या.