सोमवारी निवलेला तवा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे. हेमावतीबाईंची थोरली लेक शिवानी लग्न होऊन टेंभुर्णीला गेली, त्या वर्षी मला ओतलं. लेक गेल्यावर बाईंना घर खायला उठलं. म्हणून त्यांनी सोलापुरातल्या आपल्या घराच्या पडवीत कडक भाकरीचा उद्योग सुरू केला. पहिली भाकरी माझ्यावरच भाजली गेली.

ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर फडक्याने दाबत राहिलं, की ती पापडासारखी कडक होते. हे काम सिद्धेश्वरीचं, बाईंकडे सगळ्यात आधी कामाला आलेल्या बाईचं. नवी पेठेतले दुकानदार बसवराज म्हणायचे, "भाकरी ह्याच तव्यावरची द्या." ते ऐकून मला फार बरं वाटे.

पुढे मागणी वाढली, बायाही वाढल्या. रविवार तेवढा सुट्टीचा; पण तो घरचं धुणं, दळण आणि पाहुण्यांतच संपायचा. सोमवारी सगळ्या शनिवारपेक्षा जास्त दमून यायच्या. सिद्धेश्वरीचं मनगट सुजू लागलं. ती चिंधी बांधून भाकरी थापायची, आणि भाकरी फाटायची. हात गेला तर घर कसं चालवायचं, या भीतीने ती कुणाला सांगत नव्हती.

अशाच एका सोमवारी भाकरीला पाणी लावताना तिच्या हातातून तांब्या सुटला आणि सगळं गार पाणी माझ्यावर सांडलं. मी चांगला तापलेला होतो. टण्णकन आवाज झाला आणि माझ्या काठाला तडा गेला. वाफेने तिची बोटं पोळली.

"अक्का, तवा गेला की!" ती रडू लागली.

"जाऊ दे तवा. हात दाव आधी," हेमावतीबाई म्हणाल्या. त्यांनी चिंधी सोडली, मनगटाची सूज बघितली आणि तिचा हात गार पाण्यात धरला.

दारात बाईंचे सासरे चनमल्लप्पा बसले होते. अक्कलकोटकडे त्यांची सारी हयात शेतीत गेली होती. ते म्हणाले, "हेमा, सोमवारी आमी बैलाच्या मानंवर कदी जू ठिवलं न्हाय. बसवण्णाचा, नंदीचा दिवस त्यो. ह्या बाया बैलापरीस हलक्या हायत व्हय?"

"मामा, बैलाला गिऱ्हाईक नसतंय. सोमवारी माल न्हाय म्हटलं तर दुकानदार दुसरीकडं जातील."

"इचारलंस का?"

बाईंनी विचारलं नव्हतं. तिथूनच त्यांनी बसवराजना फोन लावला. ते एवढ्या मोठ्याने हसले की मलाही ऐकू आलं. "अक्का, कडक भाकरी हाय ती, दूध न्हवं! शनिवारी जरा जादा द्या की."

श्रावण तोंडावर होता. श्रावणातले सोमवार बंद ठेवून बघू, मजुरी कापायची नाही, असं ठरलं.

"उपास आमचा, आन् सुट्टी तव्याला!" सिद्धेश्वरी म्हणाली. तिचे डोळे अजून ओले होते, पण सगळ्या हसल्या.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी गार पडून होतो. मला वाटलं, तडा गेला, आता मी भंगारात जाणार. पण मंगळवारी सिद्धेश्वरीने मला पुसलं, तेल लावलं आणि शेगडीवर ठेवलं. पुढे हळूहळू तिच्या मनगटाची सूज उतरली, चिंधी सुटली. भाकरी फाटणं, करपणं कमी झालं आणि पाच दिवसांत माल पुरू लागला. श्रावण संपला, तरी सोमवारी शेगडी पेटवा असं बाई म्हणाल्या नाहीत. कुणी आठवणही करून दिली नाही.

मित्रांनो, तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका. त्याला आधी निवू द्या. आणि तुमच्या घरात जे माणूस राबतं, त्याला निवायला कधी मिळतं, तेही विचारा. तडा जायची वाट बघू नका.

चनमल्लप्पा आजोबा गेल्या मार्गशीर्षात, सोमवारी सकाळी वारले. माती द्यायला सगळ्या बाया गेल्या. कुणालाही काम सोडून उठावं लागलं नाही.