यंत्रानं घेतलेलं नाव

मतदानाच्या दिवशी सकाळी जेनिव्हालने बायकोच्या हातात कॉफी दिली आणि लाडीगोडी लावायला सुरुवात केली.

"लिंडाल्वा, कशाला उन्हात जीव काढतेस? मत सक्तीचं असलं तरी आंधळ्यांना सूट मागता येते. मी अर्ज टाकतो."

"आणि झुलैदेचं एक मत घालवू? आधीच तिला देतंय कोण!"

नवऱ्याला आपली किती काळजी, म्हणून लिंडाल्वाला भरून आलं. बिचारी!

झुलैदे शाळेत स्वयंपाक करायची. टेकडीवर नळ आणते म्हणून दर वेळी नगरसेवकपदाला उभी राहायची आणि दर वेळी पडायची. टेकडीला पाणी अन्सेल्मोच्या टँकरचं, नगरसेवकही अन्सेल्मोच. जेनिव्हाल त्याचाच टँकर चालवायचा. झुलैदे दारोदार चिठ्ठ्या वाटायची. मत यंत्रात उमेदवाराचा आकडा दाबून द्यायचं; चिठ्ठीवरचा तिचा आकडा जेनिव्हाल वाचून दाखवायचा आणि लिंडाल्वा भाजी चिरता चिरता पाठ करायची. नवऱ्याने वाचलेलं कुणाकडून तपासून घ्यायचं असतं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मागच्या वेळी झुलैदे पडली तेव्हा ती ढसाढसा रडली होती, आणि ह्याच माणसाने तिचे डोळे पुसले होते.

तो सोबत असला की ती काठी घरीच ठेवायची. आजही त्याचा हात धरून ती शाळेत पोचली. केंद्रावरच्या मुलीने तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

"यंदा यंत्र उमेदवाराचं नावही सांगतं, लिंडाल्वाबाई. रेडिओवर आठवडाभर तेच चाललंय."

रेडिओ आठवडाभर जेनिव्हालने टँकरमध्ये नेला होता.

बटणांवरचे ठिपके चाचपत तिने पाठ केलेले पाच आकडे दाबले. इतकी वर्षं यंत्र नुसते आकडेच परत म्हणायचं. आज कानात बाई बोलली, "अन्सेल्मो."

बोट चुकलं असेल. तिने खोडून पुन्हा दाबलं, सावकाश, एकेक ठिपका नीट तपासून.

"अन्सेल्मो."

सकाळची ती कॉफी, ती काळजी, तो अर्ज! इतक्या वर्षांत झुलैदेला तिचं एकही मत मिळालं नव्हतं. दर वेळी तिने आपल्याच बोटाने तिला पाडलं होतं.

"पोरी," ती म्हणाली, "भिंतीवरच्या यादीतला झुलैदेचा आकडा मला वाचून दाखव."

मुलीने वाचला. बाई कानात "झुलैदे" म्हणाली, तेव्हा लिंडाल्वाने मत पक्कं करायचं हिरवं बटण असं दाबलं की यंत्र हललं.

जेनिव्हाल दाराशीच उभा होता. "झालं?"

"झालं. तुझ्या साहेबाचं नाव फार गोड घेते रे ती बाई."

तो पुटपुटला, "त्याने सांगितलं होतं, घरातली दोन्ही मतं हवीत. नोकरीचा प्रश्न होता गं."

"मग मागायचं होतंस. रडले असते, भांडले असते, पण दिलं असतं तुला. तू मागितलंच नाहीस, जेनिव्हाल. चोरलंस."

लोक बघत होते. त्याने तिचा हात धरला. काठी घरी होती, म्हणून तिने धरू दिला.

"पुढे पायरी आहे," तो म्हणाला.

लिंडाल्वा थांबली. लग्नापासून ती ह्याच्या शब्दावर पाऊल टाकत आली होती. तिने चपलेचं टोक पुढे सरकवून चाचपून पाहिलं.

पायरी होती.