पोटुशीला गाठ नको

मालतीला सातवा लागला तशी देवकाबाईने एकेक गाठ सोडायला सुरुवात केली. सुनेच्या वेणीची रिबीन सोडली, दंडावरच्या ताईताचा दोरा काढून देवाजवळ ठेवला. पोटुशीच्या अंगावर गाठ राहिली की बाळंतपण अडतं, हे सावरगावात कोणाला सांगावं लागत नसे.

"आत्याबाई, मंगळसूत्र तेवढं राहू द्या बाप्पा," मालती एकदा म्हणाली, तेव्हा देवकाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

मालतीचा नवरा मनोहर बागायतदार पुंडलिकरावांची जीप चालवायचा. मिलिटरीच्या लिलावातली, बिनदाराची जुनी गाडी. पुढच्या सीटांना कमरेचे जाड पट्टे होते. संत्र्याच्या पेट्या बांधायला बरे म्हणून पुंडलिकराव ते काढून घ्यायला निघाले, तेव्हा मनोहरनेच त्यांना अडवलं. दोन वर्षांपूर्वी तिगावजवळ हीच जीप उलटली होती. मनोहर पट्ट्यामुळे सीटलाच लटकून राहिला. शेजारच्या सीटवरच्या कवडूने पट्टा लावला नव्हता, तो बाहेर फेकला गेला आणि जन्माचा लंगडा झाला. तेव्हापासून मनोहर स्वतःला आणि शेजारी बसेल त्याला पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवत नसे.

"काहून बे, सीट पळून जाईन काय तुही?" लोक चिडवायचे. तो नुसता हसायचा.

चौऱ्याऐंशी सालच्या माघात मालतीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, लोधीखेड्याला पोचवायचं ठरलं. पोरीला एसटीचे धक्के नकोत म्हणून पुंडलिकरावांनी आपणहून जीप दिली. मालती पुढे बसली. मनोहरने वाकून तिच्या पोटाखालून पट्टा घेतला आणि अडकवला.

"हे काय करून राहिला रे?" देवकाबाई ओट्यावरून उतरून आली.

"पट्टा हाये माय. गाडीले दार नाही ना."

"पोटुशीले बांधून नेते काय कोणी? महिनाभरापासून मी एकेक गाठ सोडून राहिली, आन् तू तिची कंबरच आवळून राहिला!"

"पोटाले लागत नाही तो."

"गाय हाये काय ते, दाव्याले बांधाले?"

शेजारणी जमल्या होत्या. मालती ओशाळली. "राहू द्या ना हो. मी दांडा धरून बसतो," ती हळूच म्हणाली. देवकाबाईला पट्ट्याची कडी उमगेना. चाचपत, ओढत तिने अखेर ती सोडलीच. मनोहरने बघितलं, आणि गाडी सुरू केली.

गाव मागे पडल्यावर त्याने जीप थांबवली. "लावू आता?"

मालतीने पोटावर हात ठेवला. "आन् खरंच अडलं त?"

दिवसाउजेडी, भर सडकेवर, मनोहरच्याही मनात पाल चुकचुकली. अडलं तर? मग माय म्हणेल, मी सांगितलं होतं. त्याने गाडी पुढे काढली.

सौंसरच्या अलीकडे झुडपांतून एक रेडा एकदम सडकेवर आला. मनोहरने स्टेअरिंग वळवलं. जीप उलटली नाही, कशावर आदळलीही नाही. शंभर पावलांवर नीट उभी राहिली. शेजारची सीट रिकामी होती. दवाखाना गाठेपर्यंत मालतीचा जीव गेला होता, आणि पोटातल्याचाही.

तिसऱ्या दिवशी मालतीची आई, लीलाबाई, मनोहरसमोर येऊन बसली. रडून तिचा आवाज बसला होता.

"जावई, तुमी म्हणे सर्वायले पट्टा लावता. माह्या पोरीले काहून नाही लावला?"

आत चुलीपाशी माय बसली होती. पुढची सगळी वर्षं तिला याच गावात, याच बायांमध्ये काढायची होती. मनोहर म्हणाला, "जुनी गाडी हाये, मामीजी. कडी खराब होती. मी पाहिलीच नाही. चूक माही हाये."

"खोटं बोलून राहिला तो." देवकाबाई दारात उभी होती. "कडी चांगली होती. त्यानं लावला होता, इहीनबाई. मी सोडला. या हातानं सोडला. गाठ नको म्हणून."

आता ही बाई मायच्या झिंज्या धरेल, असं मनोहरला वाटलं. तो अर्धा उठलाही.

लीलाबाई विहिणीच्या हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी असती, तर मीबी सोडला असता व माय."

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. शेजारणी धावल्या. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवू लागलं.

मनोहर बाहेर अंगणात आला. त्या दोघींना पट्टा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं. त्याने सडकेवर गाडी थांबवली होती, पट्टा हाताशी होता, अडवायला माय नव्हती. हे त्याला कोणी विचारलं नाही; विचारू शकली असती ती एकटी मालती.

आतून देवकाबाईने हाक दिली, "मन्या, ये ना रे आत."

तो गेला नाही.