एकाच खात्यावरच्या टिपा

घरात पुस्तकं वाचायचं यंत्र एकच, आणि वाचणारी माणसं दोन. सकाळी निवृत्त अभियंते वाचत. दुपारी त्यांची बायको, दातांची डॉक्टर, दवाखान्यातून जेवायला आली की वाचे. वाचता वाचता टिपा लिहायची खोड दोघांनाही. खातं एकच असल्यामुळे सगळ्या टिपा एकाच जागी पडत, पण त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग वाचक मंडळाने अभियंत्यांना भाषणाला बोलावलं. खरं तर डॉक्टरबाई त्यांच्याहून दुप्पट वाचत. पण मंडळाला वाटे, त्या नवऱ्याला सोबत म्हणून येतात. बाईंना हे फार खुपायचं. बोलून दाखवत नसत, इतकंच.

भाषणाच्या दिवशी सकाळी लेकीने यंत्रातल्या सगळ्या टिपा फोनवरच्या नोंदींच्या ॲपमध्ये आणून दिल्या. पुस्तकाप्रमाणे लावलेल्या, आणि प्रत्येकीखाली बाबांचं नाव. अभियंते पहिल्या चार-दोन वाचूनच हरखून गेले.

"अगं, एवढं डोकं चालवलं होतं मी? माझं मलाच आठवत नाही!"

"बघा बाई," असं म्हणून डॉक्टरबाई दवाखान्यात निघून गेल्या.

संध्याकाळी सभेत अभियंत्यांनी घसा खाकरून पहिली टीप वाचली. कादंबरी दीपगृहाच्या रखवालदाराची होती. "'ह्याला एकटेपणाची भीती नाही, कुणी भेटायला येईल याची आहे.'"

टाळ्या पडल्या. डॉक्टरबाईंनी कान टवकारले. हे तर त्यांचं वाक्य! दुसरी टीपही त्यांचीच, तिसरीही. अध्यक्ष माना डोलावत होते आणि इकडे बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. उठून सांगावं, तर चारचौघांत नवऱ्याची फजिती. गप्प बसावं, तर आपलं सगळं वाचन त्यांच्या नावावर जमा.

तेवढ्यात अभियंत्यांनी त्याच तोऱ्यात पुढची टीप वाचली. "'ह्यांना हे प्रकरण मुळीच कळलेलं नाही. रखवालदार दिवा लावायला विसरला म्हणे! कपाळ माझं!'"

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि पाठोपाठ सगळेच.

अभियंत्यांनी फोनकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"मंडळी, सकाळपासून मी ज्या हुशार माणसावर खूश आहे, तो मी नव्हेच. त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात." ते मंचावरून खाली उतरले आणि फोन बायकोच्या हातात दिला. "तूच बोल. मी ऐकतो."

बाई फोन घेऊन पुढे गेल्या. एकदा सूर लागल्यावर त्या अशा बोलल्या, की चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही. शेवटी त्यांनी एक टीप वाचली. "'रखवालदार राहतो एकटा, पण रोज विसळतो दोन कप.'"

"वा, बाई! ही तुमची सगळ्यात सुंदर टीप," अध्यक्ष म्हणाले.

"ही ह्यांची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी ते पुस्तक दोनदा वाचलं. मला ते कप दिसलेच नव्हते."