हेल्वीबाईंच्या अळंब्यांची जागा

हेल्वीबाई वाहेर एकतीस वर्षं रंगभूमीवर होत्या आणि त्यातली निदान पंचवीस त्यांनी हातात ट्रे धरून काढली. मोलकरीण, शेजारीण, पुन्हा मोलकरीण. एकदा सामूहिक शेतावरच्या ट्रॅक्टरवालीची भूमिका मिळाली, तर बाई महिनाभर खेड्यात राहून खरा ट्रॅक्टर शिकून आल्या. नाटकातला ट्रॅक्टर पुठ्ठ्याचा होता. पुढे त्या राजधानीत, तालिनच्या टेलिव्हिजनवर बाहुल्यांचा कार्यक्रम दिग्दर्शित करू लागल्या आणि मी, विर्वे, त्यांची सहायक झाले. म्हणजे कॉफी आणायची मी, आणि ती थंड म्हणून बोलणीही मीच खायची.

पन्नाशी उलटल्यावर त्यांना पहिला चित्रपट मिळाला. आमचे विभागप्रमुख लेप्पिक साहेब, तोंड सदा नासलेलं दूध प्यायल्यासारखं, त्यांनी तो उपकार केल्यासारखा टाकला.

"तासाभराचा करा. सप्टेंबरात दाखवू," साहेब म्हणाले. "पण स्पष्ट सांगतो हेल्वीबाई, लोकांनी पाहिला नाही, तर तुम्ही परत बाहुल्यांकडे. कायमच्या."

"पाहतील की."

"काय पाहतील? जंगलात दोन माणसं तासभर एकमेकांचा निरोप घेतात. आमच्याकडे पाहुणेसुद्धा दोन मिनिटांत घेतात."

पटकथा बाईंनीच लिहिली होती. तीत एक घराएवढा खडक होता, मधोमध चिरलेला, आणि चिरेतून वर आलेलं बर्चचं झाड. ऑगस्टभर आम्ही नऊ जंगलं पाहिली. बाईंनी नऊही नाकारली. कुठं झाडं सरळ, कुठं शेवाळ मरतुकडं, कुठं म्हणे उजेडच बावळट पडतो.

नवव्या जंगलात माझं डोकं फिरलं. "बाई, तो खडक तुम्ही पाहिलाय. आणि तो कुठं आहे हे तुम्ही सांगत नाही, कारण तुमच्या अळंब्यांची जागा तीच आहे!"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "माझ्या मागावर आलीस तू?"

"कशाला येऊ? तुमच्या तोंडावर दिसतंय."

आता हे इथलं दुखणं. आम्ही माणसं एकमेकांना घराची किल्ली देऊ, हिवाळ्याचं सरपण देऊ, पण अळंबी कुठं मिळतात ते सख्ख्या भावाला सांगणार नाही. हेल्वीबाईंच्या नवऱ्याला वाटायचं, बायको दर रविवारी कबरस्तानात आईला फुलं वाहायला जाते. ती टोपली भरून अळंबी घेऊन परत येते याचं त्या सज्जन माणसाला कधी नवल वाटलं नाही. ती जागाही आईनंच दाखवलेली, बाई सात वर्षांच्या असताना, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालून.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नेते सगळ्यांना. पण माझ्या पद्धतीनं."

त्यांची पद्धत अशी. बसच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली. ड्रायव्हर कारेलला मागच्या बाकावर बसवून त्याच्या डोळ्यांवर मफलर बांधला. आणि बस चालवायला स्वतः बाई बसल्या! ट्रॅक्टर येतो म्हणजे बस येतेच, असं त्यांचं म्हणणं. आम्ही बारा जण जीव मुठीत धरून बसलो.

"बाई, हा खड्डा तिसऱ्यांदा आला," कारेल मफलरातून ओरडला.

"गप्प बसा कारेल. खड्डे सगळीकडे सारखेच असतात."

तीन तासांनी उतरलो. समोर तो खडक, आणि खडकाच्या पायाशी तपकिरी टोप्यांची अळंबी, एकेक माझ्या मुठीएवढं. आम्ही सगळे नकळत एकेक पाऊल पुढे सरकलो.

"कुणी वाकायचं नाही," बाईंनी बजावलं. "बुटाची नाडी सुटली तरी नाही."

मग चित्रीकरण सुरू झालं आणि आमच्या नायकाचं, इल्मारचं, जे काही झालं ते मी जन्मात विसरणार नाही. समोर सिर्ये, देशातली सर्वांत देखणी नटी, डोळ्यांत पाणी आणून उभी. आणि याची नजर घसरतेय तिच्या घोट्यांपाशी.

"थांबा! इल्मार, मेल्या, तू हिचा निरोप घेतोयस!"

"तिच्याकडेच बघतोय बाई."

"ती काय जमिनीतून उगवलीय?"

असं तेरा वेळा झालं. चौदाव्या वेळी इल्मारनं प्रयत्नच सोडला. त्यानं मान खाली घातली, त्या टोप्यांकडे पाहिलं, त्या आपल्याला कधीच मिळणार नाहीत हे त्याला उमगलं आणि त्याचे डोळे भरून आले. छायाचित्रकार एंडेलनं त्याच्या नजरेमागोमाग कॅमेरा हळूच खाली नेला, मग पुन्हा वर, खडकापर्यंत. ते दृश्य इतकं सुंदर उतरलं की बाई 'थांबा' म्हणायचं विसरल्या. आम्ही रिकाम्या हातांनी बसमध्ये चढलो.

संकलनाच्या टेबलावर ते दृश्य पाहताना बाई गुणगुणत होत्या. मधेच गुणगुणणं थांबलं.

"विर्वे, अगं, हे सगळा देश बघणार."

"मग? त्यासाठीच तर केलं ना?"

"सगळा देश, विर्वे! खडकासकट!"

मी हसता हसता खुर्चीवरून पडले. बारा माणसांपासून लपवायला बाईंनी खिडक्या बंद केल्या होत्या, आणि आता तीच जागा घरोघरी दाखवायला निघाल्या होत्या. तसा खडक देशात दुसरा नव्हता, शोधणाऱ्याला तो सापडणारच होता.

पण वर पाहिलं तर त्यांच्या एका हातात फिल्मची ती पट्टी होती आणि दुसऱ्यात कात्री.

"हा तुकडा काढला तर काय उरतं?"

"झाडाला टेकलेली दोन माणसं," मी खरं ते सांगितलं.

"आणि ठेवला तर?"

"तर चित्रपट."

त्या बाहेर जाऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं नाक पुसत आत आल्या. "ठेव," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, आणि आपण मघाशी हसलो याची लाजही वाटली.

बुधवारी चित्रपट दाखवला. गुरुवारी एक फोन नाही, शुक्रवारी एक पत्र नाही. लेप्पिक साहेब दारातून डोकावून म्हणाले, "बाहुल्या धुऊन ठेवा."

रविवारी बाई म्हणाल्या, "चल, एकदा बघून येऊ. आता तुझ्यापासून काय लपवायचं!"

जंगलाच्या तोंडाशी गाड्या, मोटारसायकली आणि चक्क दोन ट्रॅक्टर उभे होते. आत शे-सव्वाशे माणसं, सगळी चिडीचूप, सगळी वाकलेली, प्रत्येक जण बाकीचे दिसतच नाहीत असं दाखवणारा. फोन का आले नाहीत ते तेव्हा कळलं. जो तो आपल्यालाच कळलंय असं समजून तोंड मिटून बसला होता. शेवाळ तुडवून चिखल झाला होता आणि एक टोपी शिल्लक नव्हती.

खडकाच्या मागे एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. त्यानं मान वर केली. लेप्पिक साहेब.

"मी... खडक बघायला आलो होतो," ते म्हणाले. टोपली काठोकाठ भरली होती.

"सापडला बरा," बाई म्हणाल्या.

"तीनदा पाहावा लागला चित्रपट." साहेब उठून गुडघे झटकू लागले. "बरं, पुढच्या वर्षी दुसरा करा. क्रॅनबेरीची फळं मिळतात अशी एखादी दलदल असेल माहितीतली, तर तिथं..."

बाईंचं लक्षच नव्हतं. खडकाच्या पुढच्या बाजूला एक म्हातारं जोडपं उभं होतं, रविवारच्या चांगल्या कपड्यांत. म्हातारा बायकोला हातानं दाखवत होता, "तो इथं होता बघ. आणि ती तिथं, तू आहेस तिथं." म्हातारी दोन पावलं मागे सरकली आणि तिनं रुमाल काढला.

हेल्वीबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"विर्वे," त्या कुजबुजल्या, "टोपली नाही गं त्यांच्याकडे."