काळतोंड्याचे दात

धनजमध्ये वानर मेलं की माणूस मेल्यासारखंच सगळं होतं. हलगी वाजते, गुलाल उधळतात, तेरवीचं जेवण होतं. पण हा काळतोंड्या मेला तेव्हा रंगूबाईंच्या जिवाला नुसता घोर लागला, कारण तो त्यांच्या हातून मेला होता.

झालं असं, की ओसरीवरच्या डब्यातले फुटाणे रोज कमी होत होते. "वांदरं लय माजले," असं त्यांचे यजमान बबनराव उठता-बसता सांगायचे. एका सकाळी रंगूबाईंना डबा उघडा दिसला आणि वर कडुलिंबावर हा काळतोंड्या बसलेला दिसला. डोकं फिरलं बाईचं! हातातली कापसाच्या पऱ्हाटीची काडी भिरकावली. तो घाबरून उडाला, तो थेट विजेच्या तारेवर. खेळ खलास.

"चोर असंन त मले अर्धं पाप," मारुतीच्या पारावर बसून रंगूबाई रडत होत्या, "अन् नसंन त पुरं! कोनी सांगन काय मले?"

सांगणारी शेजारच्याच घरात होती. भागवतची वैजयंती पुण्याला माकडांच्या दातांवर शिकत होती आणि सुट्टीत घरी आली होती. गाव तिला हसायचं. माणसांचे दात पडून राहिलेत, त्यांना कोणी विचारत नाही, आणि ही वानराच्या तोंडात बघणार! तिनं आधी वनखात्याच्या माणसाला विचारलं, मग रंगूबाईंजवळ येऊन बसली.

"काकू, दाताचा ठसा घेऊ द्या. कडक दाना फोडला की दातावर बारीक खड्डे पडतात, पाला चावला की ओरखडे. डोळ्यानं दिसत नाही, मशीनखाली दिसते. नवं खाल्लं की जुन्या खुना बुजतात, म्हनून आताआताचं खाल्लेलंच कळते."

"घे माय," रंगूबाई म्हणाल्या. वैजयंतीनं पारावर निजवलेल्या त्या मेलेल्या जिवाचे दात हळूच धुतले, पुसले आणि त्यांवर जांभळा लगदा दाबून धरला.

"अवं माय!" मिरवणुकीला जमलेल्या बायांतली भुरीबाई ओरडली. "मेल्यावर कवळी बसवून राह्यली काय त्याले?"

झालं! हलगी थांबली. देवाघरी कवळी लावून गेलेलं चालतं की नाही, यावर पारावर वाद पेटला. लगदा निघाला, दात जागच्या जागी दिसले, तेव्हा कुठं मिरवणूक हलली.

ठसा पुण्याला गेला आणि इकडे रंगूबाईंनी अन्न सोडल्यातच जमा होतं. बबनराव मात्र भलतेच मायाळू झाले होते. "चोरच होता तो. तू जेव," असं म्हणून स्वतः ताट वाढून द्यायचे. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तेरवीच्या दिवशी वैजयंती आली. पंगत बसायची होती. ग्यानबा न्हावी वस्तरा घेऊन केव्हाचा बसला होता, पण वानरासाठी डोकं भादरून घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं. वैजयंतीनं मोबाईलवर फोटो दाखवला. वखर फिरवलेल्या वावरासारख्या नुसत्या रेघाच रेघा.

"हा पाल्यावरच जगत होता, काकू. रोज फुटाने फोडले असते त खड्डे दिसले असते. इथं दिसत नाही."

रंगूबाईंनी पदर तोंडाशी धरला. "पुरं पाप लागलं व मले," म्हणाल्या, आणि हमसून रडल्या. मग एकदम थांबल्या. "मंग फुटाने कोनं खाल्ले?"

"मशीनले काय कळते!" बबनराव म्हणाले, जरा जोरातच.

"माह्याजवळ लगदा उरला हाय," वैजयंती भोळेपणानं म्हणाली. "कोनाचाबी ठसा घेता येते."

"माह्या दातातले खड्डे कवाच बुजवले वाशिमच्या डॉक्टरनं!" बबनराव बोलून गेले आणि त्यांची दातखिळीच बसली.

जेवायला जमलेली सगळी मंडळी त्यांच्याकडे बघू लागली.

"खाल्ले मी," शेवटी ते पुटपुटले. "डॉक्टरनं कडक बंद केलं, तू देत नव्हती. त झाडाखाली बसून खात होतो."

"अन् हा?"

"हा वरतून पाह्यत राहे."

"रोज?"

"रोज."

रंगूबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चिडल्या नाहीत. मोबाईलवरच्या त्या रेघांवरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं.

"रोज त्याच्यासमोर बसून खाल्ले, अन् एक दाना नाही टाकला त्याले?"

बबनरावांनी टोपी काढली आणि ग्यानबासमोर मान खाली घालून जाऊन बसले. डोकं झालं. ग्यानबाचा वस्तरा अडला.

"अन् मिशी, मालक? मिशी त बाप गेल्यावरच काढतेत."

बबनरावांनी बायकोकडे पाहिलं.

"काढ," रंगूबाई म्हणाल्या.