न दुखलेली टाचणी

"पांढऱ्या कापडावर हे लाल डाग कुणी पाडले?" मी बायकोवर खेकसलो. तासाभरात गिऱ्हाईक येणार होतं आणि बेतायला फरशीवर पसरलेल्या कापडाचं पार मातेरं झालं होतं.

मी शिंपी. तीस वर्षं पायमशीन चालवतोय. दोन महिन्यांपूर्वी कमरेतली चकती सरकली आणि उजव्या पायातून अशी कळ जायची, की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डॉक्टर म्हणाले, आधी गोळ्या, थोडा आराम, मग व्यायाम. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर मणक्यात इंजेक्शन. "पण पाय बधिर झाला, त्यातला जोर गेला, तर त्याच दिवशी या. मग ऑपरेशन लांबवायचं नाही." ऑपरेशन म्हटलं की माझे हातपाय गळतात. गोळ्यांचं तेवढं लक्षात ठेवलं, बाकीचं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

आणि परवापासून कळ गायब! कशी जिरवली, म्हणून मी घरभर मिरवत होतो. आज तर शीळ घालत अनवाणी कापड बेतलं.

"अगं, बोल की! मिठाची गुळणी धरलीस का?"

तिने नुसतं माझ्या पायाकडे बोट दाखवलं. डाग ओळीने माझ्यापर्यंतच आले होते. तळवा उलटा करून पाहिला. टाचेत टाचणी, अगदी डोक्यापर्यंत रुतलेली. मी तिच्यावर चालत होतो आणि मला पत्ताच नाही!

"अहो, दुखत नाही?"

"नाही गं." माझाच आवाज मला ओळखू येईना.

तिने टाचणी उपटली, तरी काही नाही. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तो पाय माझ्या मांडीवर पडला होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "उजव्या चवड्यावर उभे राहा." मी कोसळलोच, बायकोने सावरलं.

"दुखणं गेलं म्हणून खूश झालात? अहो, नस निकामी व्हायला लागलीय. आजच ऑपरेशन करू. पण पायाची खात्री देत नाही."

"आणि मशीन?" मी विचारलं. त्यांनी ऑपरेशनचा कागद सहीसाठी पुढे सरकवला.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी बायको टाचणी घेऊन पायाशी बसली. मी छताकडे तोंड करून, दात आवळून वाट पाहत राहिलो. शेवटी वैतागलो. "टोच की बाई! किती वेळ लावतेस?"

"अहो," ती म्हणाली, "तीनदा टोचलं."